मोरीचं दार कुणीकडे उघडतं?

मैत्रिणींनो, आपल्याकडे घर बांधायला काढलं की सगळ्यात जास्त चर्चा कशाची होते? दाराची! म्हणजे अर्थातच पुढच्या दाराची. सागाचं करायचं की प्लायचं, वर गणपती कोरायचा की कलश, चौकट कोणत्या मुहूर्तावर बसवायची... घरातले पुरुष, सुतार, वास्तूचं सांगणारे, बाहेरगावहून आलेले मामा, सगळे आपापलं मत देतात. चौकटीची पूजा होते, पेढे वाटले जातात.

आणि मोरीचं दार? ते कुणी ठरवतच नाही. घर होत आलेलं असतं, पैसे संपत आलेले असतात, वास्तुशांतीची तारीख जवळ आलेली असते. मग कुणीतरी गाडीवर बसून जळगावला नाहीतर भुसावळला जातं आणि तयार मिळेल ते पत्र्याचं किंवा फायबरचं दार घेऊन येतं. मिस्त्री ते त्याला सोयीचं वाटेल तसं बसवतो. बहुतेक वेळा आत उघडणारं. झालं काम!

आमच्या नशिराबादेत बचत गटाच्या आणि महिला मंडळाच्या कामानिमित्त घरोघरी जाणं होतं. ओट्यावर बसून चहा होतो, हळूहळू घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा विषय निघतो आणि दहातल्या निम्म्या घरांत तो फिरून मोरीवरच येतो. ‘सासूबाईंना आंघोळीला न्यायचं म्हणजे दोन माणसं लागतात.’ ‘आजीनं कडी लावली की माझा जीव खालीवर होतो.’ ‘बाबांना लकवा झाल्यापासून खुर्ची मोरीच्या दाराशी अडते, मग अंगणातच पाणी घालतो.’ बोलणाऱ्या सगळ्या बायकाच. कारण घरातल्या आजारी माणसाची आंघोळ हे आपल्याकडे बाईचंच काम ठरलेलं आहे. पण तिची खरी अडचण त्या दारात आहे, हे घरात कुणाच्या लक्षात येत नाही.

खरं तर मोरीला दार असणं हीच आपल्याकडे तशी नवी गोष्ट. २०११ च्या जनगणनेत देशातल्या घरांची आंघोळीची सोय मोजली होती. तेव्हा १०० पैकी ४२ घरांत छताचं न्हाणीघर होतं, १६ घरांत नुसता बिनछताचा आडोसा होता आणि जवळपास ४२ घरांत आवारात कसलीच सोय नव्हती. आपल्यापैकी कितीतरी जणींनी लहानपणी परसात साडीचा नाहीतर गोणपाटाचा पडदा लावून आंघोळी केल्या आहेत. त्यामुळे भिंती आल्या, छत आलं, दार आलं, हेच मोठं सुख वाटलं. ते दार कसं असावं, हा प्रश्न विचारायला सवडच झाली नाही. आता मात्र तो विचारायची वेळ आली आहे, कारण घरातली माणसं म्हातारी होत आहेत. २०११ च्याच गणनेप्रमाणे महाराष्ट्रात दहातला जवळजवळ एक माणूस साठीच्या पुढचा होता. तेव्हापासून हे प्रमाण वाढलेलंच आहे.

आणि फक्त म्हातारीच माणसं कशाला? नववा महिना लागलेली सून, सिझर झालेली लेक, पाय प्लॅस्टरमध्ये असलेला मुलगा, लहानपणी पोलिओ झालेले काका, या सगळ्यांना ते दार रोज ओलांडायचं असतं. जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनचं ‘मनोबल’ हे दिव्यांग विद्यार्थ्यांचं निवासी केंद्र आहे. तिथं मुलंमुली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. अशी एखादी हुशार मुलगी सुट्टीत आपल्या गावी येते, तेव्हा तिच्या घरची मोरी कशी असेल, याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. जगात आपल्या पायावर उभं राहायची तयारी करणाऱ्या मुलीनं घरी आल्यावर आंघोळीसाठी आईला हाक मारायची का?

आता थोडं परदेशात डोकावू. आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुलं अमेरिकेत आहेत. तिथं म्हाताऱ्या माणसांसाठी दाराचा बाथटब मिळतो. नेहमीच्या टबाचा काठ गुडघ्याएवढा उंच असतो, तो ओलांडताना माणसं पडतात. म्हणून या टबाच्या बाजूलाच छोटं दार केलेलं असतं. दार उघडायचं, आत जाऊन बसायचं, दार लावायचं आणि मगच पाणी सोडायचं. आंघोळ झाली की पाणी पूर्ण वाहून जाईपर्यंत थांबायचं आणि मग दार उघडायचं. अशा टबात दीडशे ते तीनशे लिटर पाणी मावतं! आपल्याकडे नळाला पाणी कधी येतं आणि उन्हाळ्यात ड्रम कसे भरून ठेवावे लागतात, हे तुम्हाला माहीतच आहे. तेवढ्या पाण्यात आपल्या अख्ख्या घराच्या आंघोळी होतील. तेव्हा तो टब आपल्या कामाचा नाही.

पण तो टब घेताना तिथली माणसं ज्या प्रश्नावर अडतात, तो प्रश्न मात्र अगदी आपला आहे. दार कुणीकडे उघडणारं घ्यायचं?

आत उघडणारं दार असेल तर टबातलं पाणीच ते दाबून धरतं, त्यामुळे गळत नाही. पण आत उघडायला जागा लागते, गुडघे अडतात आणि आतल्या माणसाला चक्कर आली तर त्याचं शरीर आणि पाणी दोन्ही दाराला टेकतात. बाहेरच्याला ते उघडता येत नाही. बाहेर उघडणारं दार असेल तर आत शिरायला मोकळी जागा मिळते, चाकाच्या खुर्चीवरून सरकून बसता येतं, मदतीला आलेल्या माणसाला आत पोचता येतं. मात्र पाणी ते बाहेर ढकलत असतं, म्हणून त्याची कडी आणि रबर पक्कं लागतं. तिसरा प्रकार सरकणाऱ्या दाराचा. त्याला ना आत जागा लागते ना बाहेर, पण त्याची खाच वरचेवर साफ करावी लागते.

बघा, आपल्या मोरीलाही हेच तीन प्रकार लागू होतात. आणि आपल्याकडे तर टबासारखं पाणी अडवून धरायचं कामच दाराला नाही. म्हणजे आत उघडणाऱ्या दाराचा जो एक मोठा फायदा आहे, तो आपल्याला मिळतच नाही. तोटे तेवढे सगळे मिळतात!

आपली मोरी असते चार बाय पाच फुटांची, फार तर पाच बाय सहाची. एका कोपऱ्यात पाण्याचा ड्रम, भिंतीशी बादली, खाली शहाबादी नाहीतर गुळगुळीत टाइल्स. त्यात दार आत उघडलं की उरलेली जागा दारच खातं. आत गेलेल्या माणसाला दार लावण्यासाठी भिंतीशी चिकटून वळावं लागतं. ज्याच्या गुडघ्यात जोर नाही, हातात काठी आहे, त्यानं ओल्या फरशीवर असं वळणं म्हणजे पडण्याला आमंत्रणच. आणि पडलं तर? एवढ्याशा जागेत पडलेलं माणूस दाराशीच आडवं होतं. बाहेरून ढकलावं तर दार त्याच्याच अंगावर. कडी आतून लागलेली. मग हाका, रडारड, शेजाऱ्यांची पळापळ, कुणीतरी पहार आणतं, कुणी वरच्या झरोक्यातून मूल आत उतरवतं. हे दृश्य आपल्यापैकी प्रत्येकीनं आपल्या गल्लीत एकदा तरी पाहिलेलं किंवा ऐकलेलं असेल.

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे. नवं घर बांधत असाल तर मोरीचं आणि संडासाचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकणारंच करा. जुनं घर असेल तर आहे ते दार फिरवून घ्या. लोखंडी दार असेल तर वेल्डिंगवाला बिजागऱ्या कापून बाहेरच्या बाजूनं लावून देतो. लाकडी चौकट असेल तर सुताराला खाच बदलावी लागते. दार नवं घ्यायची गरज बहुतेकदा पडत नाही.

बाहेर उघडणाऱ्या दाराबद्दल काही तक्रारी ऐकू येतात. बोळीत उघडतं, येणाऱ्याजाणाऱ्याला लागतं. खरं आहे. म्हणून ते भिंतीला पूर्ण टेकेल अशा बाजूला बिजागऱ्या घ्याव्यात. ओल्या दाराचं पाणी बाहेर निथळतं, हेही खरं. बाहेर पायपुसणं ठेवावं, पण खाली रबर असलेलं. जुन्या चादरीचा तुकडा टाकला तर तोच सरकून पाडतो. आणि आतल्या माणसाला दार ओढून घ्यायला त्रास होतो म्हणाल, तर आतून दाराला आडवी मूठ लावून घ्या. बसल्याबसल्या हात पोचेल अशी.

सरकतं दार बोळ अरुंद असेल तिथं फार सोयीचं. पण ते वरच्या पट्टीला टांगलेलं असावं. खाली फरशीत पट्टी बसवली की तिच्यात साबण, केस, गाळ अडकतो, दार अडतं आणि ती पट्टी म्हणजे नवा उंबराच होऊन बसते. शेजारच्या भिंतीवर दाराएवढी मोकळी जागा लागते, तेव्हा तिथं विजेचं बोर्ड किंवा नळ नाही ना, हे आधी बघावं. दार चौकटीपेक्षा चार बोटं रुंद घेतलं की फट राहत नाही.

घडीचं प्लॅस्टिकचं दार स्वस्त मिळतं, हलकं असतं. पण घडी केल्यावर ते चार-सहा इंच जागा अडवतं आणि मुख्य म्हणजे तोल गेला की माणूस जे हाताला लागेल ते धरतं. घडीचं दार धरलं तर दारासकट माणूस खाली येतो. ते लावायचंच असेल तर शेजारी भिंतीत पक्का दांडा हवा.

आणि पडदा? हसू नका! जे माणूस एकटं आंघोळ करूच शकत नाही, ज्याच्याबरोबर सून किंवा लेक आत असतेच, त्याच्यासाठी मोरीला दार नसून जाड पडदा असणं कधीकधी सगळ्यात बरं. मात्र मोरी ज्या खोलीत उघडते, त्या खोलीचं दार लावून घेता आलं पाहिजे. नाहीतर सोय झाली पण अब्रू गेली, असं व्हायचं.

पत्र्याच्या दाराबद्दल दोन शब्द. आपल्याकडे बोअरचं जड पाणी, त्यामुळे पत्रा खालून सडतो. सडलेल्या पत्र्याच्या कडा सुरीसारख्या होतात आणि म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी पातळ असते. साखरेच्या आजारात पायाला झालेली लहानशी जखमही महाग पडते. पत्र्याचं दार असेल तर खालचा भाग दर वर्षी बघावा. साध्या प्लायचं दार पावसाळ्यात फुगतं, चौकटीत घट्ट बसतं आणि ते उघडायला हिसका द्यावा लागतो. हिसका दिला की तोल जातो. पीव्हीसीचं किंवा फायबरचं दार पाण्याला टिकतं, हलकं असतं. फक्त बिजागऱ्या चांगल्या घ्याव्यात.

दार कुणीकडे उघडतं, हे झालं. आता आणखी तीन गोष्टी, ज्या दाराइतक्याच महत्त्वाच्या आहेत. रुंदी, उंबरा आणि कडी.

रुंदी. बाजारात मोरीचं दार अडीच फुटी म्हणून मिळतं. काही घरांत तर दोन फुटीच असतं. त्यातून चौकटीची जाडी आणि उघडलेल्या दाराची जाडी वजा करा. प्रत्यक्ष वाट उरते दोन फुटांच्या आसपास, किंवा त्याहून कमी. चाकाची खुर्ची साधारण दोन-सव्वादोन फूट रुंद असते. म्हणजे ती आत जाणारच नाही. वॉकर घेऊन चालणाऱ्याला आडवं व्हावं लागतं. आणि आजीला धरून नेणारी सून? दोघी एका वेळी आत जाऊच शकत नाहीत. हात सोडावा लागतो, तो नेमका उंबऱ्यावर! केंद्र सरकारनं २०२१ साली सर्वांना वापरता येतील अशा इमारतींसाठी जे मानक प्रसिद्ध केलं, त्यात दाराची मोकळी वाट निदान ९०० मिलिमीटर, म्हणजे साधारण तीन फूट सांगितली आहे. दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहाचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकणारं असावं, हेही त्यात आहे. हे मानक सार्वजनिक इमारतींसाठी आहे, आपल्या घरावर त्याची सक्ती नाही. पण शहाण्या माणसांनी विचार करून काढलेलं माप आयतं मिळत असेल तर ते घ्यायला काय हरकत आहे? घर बांधतानाच गवंड्याला सांगितलं की तीन फुटांची वाट सोड, तर जास्तीचं दाराचं मटेरिअल तेवढंच लागतं. नंतर भिंत फोडायची म्हणजे मात्र खर्चही आणि धूळही.

उंबरा. मोरीतलं पाणी घरात येऊ नये म्हणून आपण तीन-चार इंचांचा उंबरा घालतो. पण ज्याचा पाय दोन इंचसुद्धा उचलत नाही, त्याला तो उंबरा डोंगरासारखा. मानकाप्रमाणे उंबरा असलाच तर १२ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. मग पाणी कसं अडवायचं? फरशीला दारापासून आत मोरीच्या तोंडाकडे नीट ढाळ द्यायचा. दाराच्या आतल्या बाजूला आडवी नाली काढून वर जाळी बसवली तर पाणी तिच्यातच उतरतं. जुन्या मोरीचा उंबरा फोडता येत नसेल तर बाहेरच्या बाजूनं सिमेंटचा उतार करता येतो. पण तो नावापुरता नको. एका इंचाच्या उंचीला बारा इंच लांबी हवी. तीन इंचांच्या उंबऱ्याला तीन फुटांचा उतार झाला. चढायला लागणारा दांडा भिंतीत पक्का बसवायचा, नुसत्या टॉवेलच्या नळीवर भरवसा ठेवायचा नाही. ती नळी पंचासाठी असते, माणसाच्या वजनासाठी नाही.

आणि कडी. खरी गोष्ट इथं आहे.

आपल्या मोरीची कडी दाराच्या वरच्या टोकाला असते. उभं राहून, टाचा उंच करून लावायची. म्हाताऱ्या बाईचा हात खांद्याच्या वर जात नाही. लावली तर काढता येईल की नाही, याची धास्ती. घरच्यांनाही तीच धास्ती. म्हणून सगळेच सांगतात, ‘आजी, कडी लावू नको हं!’ प्रेमानंच सांगतात. पण याचा अर्थ काय होतो, याचा विचार करा. जिनं आयुष्यभर पदर ढळू दिला नाही, ती बाई सत्तराव्या वर्षी दार नुसतं लोटून, एक हात दारावर ठेवून आंघोळ करते. घरात जावई आला, नातवाचे मित्र आले की ती आंघोळच टाळते. ‘आज नको, कणकण वाटतेय’ म्हणते. संडासला जावं लागू नये म्हणून पाणी कमी पिते. आपल्या जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा पाणी कमी पिणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. उन्हाळी लागते, चक्कर येते, आणि मग ज्या पडण्याची भीती होती तेच होतं. आपण म्हणतो, वयानं असं होतं. यात वयाचा भाग असेलही, पण त्या चुकीच्या जागच्या कडीचाही तेवढाच आहे.

यावर उपाय आहे आणि तो महागही नाही. बाहेरून नाणं घालून फिरवता येईल अशा खाचेचं लॅच बाजारात मिळतं. आतून लावलेलं असलं तरी अडचणीच्या वेळी बाहेरून उघडता येतं. ते जमत नसेल तर साधा आकडा लावा. बाहेरून फटीतून पातळ पट्टी सरकवली की तो वर उचलला जातो. जे काही लावाल ते जमिनीपासून तीन फुटांवर लावा, म्हणजे बसलेल्या माणसाचाही हात पोचेल. गोल मूठ नको. ओल्या, साबणाच्या हातानं ती फिरत नाही, संधिवात असेल तर मुळीच नाही. खाली दाबायची लांबट मूठ बरी. लहान मुलं आत कोंडली जातात, त्यांच्यासाठीही हेच लॅच उपयोगी पडतं. मग आजीला सांगता येईल, ‘बिनधास्त कडी लावा, काही झालं तर आम्हाला उघडता येतं.’

दाराच्या संदर्भात एक धोका सांगितलाच पाहिजे. गॅसचा गिझर मोरीच्या आत बसवलेला असेल आणि दार-खिडकी घट्ट बंद असेल तर आत कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणूस बेशुद्ध पडतं तेव्हाच कळतं, आणि तोवर दार आतून लागलेलं असतं. असा गिझर मोरीच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. दाराला खाली झडपांची जाळी असावी, झरोका कधीही पुठ्ठा लावून बुजवू नये, थंडीतसुद्धा!

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं घरात बोलायचं कुणी? सासूबाईंकडे विषय काढला की त्याच म्हणतात, ‘कायले खर्च करता? मी आता कितीक दिवसाची?’ म्हातारी माणसं असं म्हणतात आणि आपण ते ऐकून घेतो. ऐकायला सोयीचं असतं म्हणून. पण पुढच्या दारावर खर्च करताना ते किती दिवस टिकणार, हा हिशेब कुणी मांडला होता का? शिवाय मोरी सासूबाईंच्या पाठोपाठ आपल्यालाच लागणार आहे. चाळिशी ओलांडली की गुडघे बोलायला लागतात, हे मी माझ्याच वयाच्या मैत्रिणींना वेगळं काय सांगू!

खरं सांगायचं तर हा प्रश्न पैशाचा थोडा आणि मान देण्याचा जास्त आहे. मोरी रोज घासते बाई, आजाऱ्याला आंघोळ घालते बाई, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालते बाई. पण मोरीची जागा, माप आणि दार ठरवताना तिला विचारलं जात नाही. दुकानात जाणारा वेगळा, बसवणारा वेगळा आणि वापरणारी तिसरीच. पुढच्या वेळी घराचं काम निघालं की आपण गवंड्याशी स्वतः बोलायला हवं. ‘भाऊ, हे दार बाहेर उघडणारं पाहिजे, तीन फुटांची वाट सोड, उंबरा नको’ एवढं सांगायला कुणाची परवानगी लागत नाही.

घराबाहेरही हे बोलावं लागेल. लग्नसराईत आपण मंगल कार्यालयात दिवसदिवस असतो. तिथली स्वच्छतागृहं आठवा. दोन फुटी दार, आत उघडणारं, पायरी चढून जायचं. म्हणून कितीतरी आज्या नातवाच्या लग्नाला जातच नाहीत, किंवा गेल्या तर सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत. दवाखाने, एसटी स्टँड, बँका इथंही तेच. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला. लोकांसाठी खुल्या असलेल्या इमारती, मग त्या सरकारी असोत की खासगी, सर्वांना वापरता आल्या पाहिजेत, असं त्यात आहे. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्यावर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयानं सांगितलं की अशा इमारतींचे नियम नुसते सल्लावजा असून चालणार नाहीत, किमान काही गोष्टी सक्तीच्या हव्यात. इतक्या वर्षांनी का होईना, एक गोष्ट पक्की झाली. अडीच फुटांच्या दाराबद्दल तक्रार करणं म्हणजे कटकट करणं नव्हे.

कार्यालय ठरवायला जाताना आपण जेवणाचं ताट, स्टेजची सजावट, पार्किंग सगळं बघतो. यापुढे बायकांच्या स्वच्छतागृहाचं दारही बघू. दहा घरांनी विचारलं की मालक आपोआप एक तरी दार बदलतो.

बचत गटांनाही यात करण्यासारखं आहे. गटातल्या एका वेल्डिंगवाल्याशी किंवा सुताराशी बोलून पाच-दहा घरांची दारं एकदम फिरवून घेतली तर मजुरी कमी पडते. राज्य सरकारनं २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना साधनांसाठी एकदा ३ हजार रुपये थेट खात्यात देण्याची ही योजना. साधनांच्या यादीत वॉकर, चाकाची खुर्ची, कमोड खुर्ची आहे. आपल्या घरातल्या, गल्लीतल्या ज्येष्ठांसाठी समाजकल्याण कार्यालयात तिची चौकशी जरूर करा. पण खुर्ची घरी आली आणि मोरीच्या दारातून आत गेली नाही तर ती कोपऱ्यात कपडे टाकायला पडून राहते, हेही लक्षात ठेवा. आधी दार मोजा, मग खुर्ची आणा.

तेव्हा मैत्रिणींनो, या रविवारी एवढं करा. शिलाई मशीनच्या खणातली टेप काढा. मोरीचं दार पूर्ण उघडून मधली मोकळी वाट मोजा. उंबरा मोजा. कडी जमिनीपासून किती उंच आहे ते बघा. आत एका स्टुलावर बसून हात कुठवर पोचतो ते बघा. चारही आकडे कागदावर लिहा आणि संध्याकाळी सगळे जेवायला बसले की घरात वाचून दाखवा. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, ‘तुम्हाला कसं दार पाहिजे?’ आणि ती ‘कायले खर्च करता’ म्हणाली, तरी दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाल्याला बोलावून घ्या.